चांदभाई पिंजारी आणि बाळूचा खोकला

गादी पिंजायला दिली की चांदभाई आधी तिला नाक लावायचे. खोळ उसवण्याआधी, रुई पिंजायची धनुकली खांद्यावरून उतरवण्याआधी. अंगणात उकिडवे बसून गादीच्या मध्यावर दोन श्वास घ्यायचे, मग उशाकडे एक, पायथ्याकडे एक. नंतर मान वर करून सांगायचे, "ह्याच्यावर म्हातारं माणूस निजतंय, गुडघ्याला तेल चोळतंय," किंवा "लेकरू तीन जागी मुतलंय, पर आईनं दोनच जागी धुतलंय." परतूरला सून म्हणून आले तेव्हा हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला आणि मला हसू आवरेना. सासूबाई म्हणाल्या, "हसू नकोस. त्याचं नाक खोटं बोलत नाही."

ही निजामाच्या राज्यातली शेवटची पाच-सहा वर्षं. परतूर कापसाचं गाव. दिवाळी झाली की स्टेशनाकडच्या जिनिंग कारखान्यांचा धूर आणि गल्लीत चांदभाईंच्या धनुकलीच्या तातेचा आवाज बरोबरच सुरू व्हायचा. माणूस चणीनं लहान. भुवयांवर, दाढीवर कायम बारीक रुई बसलेली, त्यामुळे वयाचा अंदाज यायचा नाही. बोलणं अर्धं दखनी, अर्धं आपलं. "कमान बोलते तोवर पिंजारी, न्हाई तर भिकारी," असं म्हणत कामाला बसायचे. आणि मध्येच, कोणी विचारलेलं नसताना, "रुई काय बी विसरत न्हाई, बाई. आदमी भूल जाता है."

या नाकानं एकदा घोटाळा केला. समोरच्या गोदाक्कांची मोठी जोडगादी आली होती. चांदभाईंनी वास घेतला, हातानं चाचपलं आणि चार बायकांसमोर म्हणाले, "एका अंगाची रुई बसलीच न्हाई की. हिकडं साल-दोन साल कुनी निजलंच न्हाई." बायका खळखळून हसल्या, मग गोदाक्कांचा चेहरा पाहून गप्प झाल्या. गोदाक्कांनी गादी उचलली आणि आत नेली. दुसऱ्या दिवशी चांदभाई त्यांच्या दारात कान धरून उभे राहिले. तेव्हापासून वास घेत राहिले, पण बोलणं बंद. "नाक अल्लानं दिलं, तोंड मी चालवलं. गलती माझी," एवढंच म्हणाले.

आजारी माणूस गेलं की त्याचं अंथरूण गावातली माणसं चांदभाईंच्या हवाली करत. अशी रुई झटकून दुसऱ्याच्या गादीत भरणारे पिंजारी होते. चांदभाई ती नाल्यापलीकडे नेऊन जाळायचे आणि राख होईपर्यंत तिथेच बसून राहायचे. पेटवून निघून का येत नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "अर्धी जळलेली रुई लोक उचलून नेतेत, बाई. गरिबाला रुई दिसते, बीमारी दिसत न्हाई."

बाळू माझा थोरला. दसऱ्याच्या सुमारास दोन वर्षांचा झाला आणि खोकू लागला. दिवसा ठणठणीत, अंगणभर पळायचा, दूध-भाकरीचा काला मागून खायचा. रात्री निजवला की तासाभरात सुरू. आधी एक कोरडा खोकला, मग सलग सात-आठ, मग ओढून घेतलेला श्वास. तो श्वास बाहेर येईपर्यंत माझा जीव टांगलेला. मला टिपून ठेवायची सवय. यजमान तहसिलीत कारकून होते, एका बाजूनं कोरे राहिलेले कागद घरी यायचे, त्यांची मी वही शिवली होती. रात्री किती ढासा आल्या, काय दिलं, हे त्यात लिहायचे. ज्येष्ठमध, अडुळशाचा रस, सुंठ-मध, ओव्याचा शेक, दृष्ट, दर्ग्यातला दोरा. एकेकावर काट मारत गेले. पाच ढासांच्या नऊ झाल्या, नऊच्या चौदा. बाळूच्या गळ्याखालची खळगी श्वासागणिक आत ओढली जाऊ लागली.

सासूबाईंचं एक मला समजत नव्हतं. ढास आली की त्या माझ्याआधी उठायच्या, बाळूचं तोंड पदरानं पुसायच्या आणि तो पदर कंदिलापाशी नेऊन निरखायच्या. रोज. "काय बघता, आत्याबाई?" मी विचारलं. "कफ सुटला का बघते," त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर घरी आले, छाती तपासून त्यांनी विचारलं, "घरात आधी कोणाला खोकला होता?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या, "कोणालाच नव्हता." यजमान जमिनीकडे बघत राहिले. माझ्या लग्नाआधी वर्षभर माझे धाकटे दीर रंगनाथ वारले होते. तीन दिवसांच्या तापानं गेले, असं मला सांगितलेलं होतं. त्याचा याच्याशी काही संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

भाऊबीजेला मी बाळूला घेऊन भोकरदनला माहेरी गेले. आठ रात्री राहिले. पहिल्या दोन रात्री तीन-तीन ढासा, तिसऱ्या रात्री एक, पुढच्या पाच रात्री वहीत शून्य. आई म्हणाली, "माहेरचं पाणी लागलं." परतूरला परत आले त्याच रात्री अकरा. मी मनाशी ठरवलं, हे कारखान्यांच्या धुरानं होतंय. यजमानांनी बदली मागावी.

त्याच आठवड्यात चांदभाई गाद्या पिंजायला आले. अंगणात गाद्या काढून देताना मी त्यांना सगळं सांगितलं आणि वही वाचून दाखवली. त्यांनी हातातलं काम थांबवून ऐकलं.

"दिवसा खोकतच न्हाई?"

"नाही."

"माहेरी काय अंथरत होता?"

"घोंगडी."

"अन् हितं?"

मी आतून बाळूची गादी आणली. अडीच हात लांब, निळ्या फुलांची खोळ. दसऱ्याला पाळणा सुटला तेव्हा सासूबाईंनी हौसेनं करवून घेतली होती. चांदभाईंनी नाक लावलं. दुसरा श्वास त्यांनी घेतला नाही. कोपऱ्यातला एक टाका नखानं उसवून करड्या रंगाची चिमूटभर रुई काढली, अंगठ्यानं चोळली, आणि दाराकडे बघितलं. दारात सासूबाई उभ्या होत्या.

"ती राहू दे चांदभाई. नवीच आहे ती."

"जी, बडी बाई."

"नवी आहे म्हणते ना."

"मी कुठं न्हाई म्हणून राह्यलो? जरा उन्हाला टाकतो अन् ठेवतो."

मी स्वयंपाकाला आत गेले. पीठ मळत होते तोच जळत्या कापसाचा खवट वास आला. मागच्या परसात धावले. गोठ्याच्या पलीकडे बाळूची गादी पेटलेली होती आणि चांदभाई काठी घेऊन उभे होते. विझवत नव्हते. भाकरी परतावी तशी परतत होते. मला त्याचा अर्थ लागायच्या आत सासूबाई अनवाणी धावत आल्या आणि त्यांनी सरळ जाळात हात घातला. ज्या माणसाला त्या तांब्यानं पाणीसुद्धा वरूनच ओतायच्या, त्यानं त्यांचं मनगट धरून त्यांना मागे ओढलं.

"चिलीम पडली, बडी बाई," चांदभाई म्हणाले. "माझ्या हातून झालं."

दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली. मग कुंपणापाशी गोदाक्का आल्या, आणखी चार-पाच जणी आल्या, आणि सासूबाईंचा आवाज चढला. "लेकराची गादी जाळली मेल्यानं. नशापाणी करून कामाला येतो. आज गादी, उद्या कोणाचं घर पेटवील. या गल्लीत पुन्हा पाय टाकायचा नाही, सांगून ठेवते."

"बराबर हाय," चांदभाई म्हणाले. गादीची राख झाली होती, तेवढी त्यांनी काठीनं सारखी केली, धनुकली खांद्यावर टाकली आणि ते गेले.

त्या रात्री बाळूला घोंगडीवर निजवला. ढासा बारा. दुसऱ्या रात्री तेरा. गादी गेली, खोकला राहिला. तिसऱ्या रात्री खोकता खोकता त्याचे ओठ निळसर झाले. यजमान त्याला खांद्यावर घेऊन उजाडेपर्यंत अंगणात फिरत होते. सासूबाईंचा उजवा हात भाजलेला. त्या आता डाव्या हातानं बाळूचं तोंड पुसत आणि पदर कंदिलापाशी नेत. चौथ्या दिवशी त्यांच्या हाताला तूप लावताना मी विचारलं, "आत्याबाई, ती गादी कोणाची होती?"

त्यांनी तुपाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "रंगूची."

"भावोजींची?"

"त्याला ताप नव्हता गं. सव्वा वर्ष खोकत होता. आष्टीच्या शेतावर ठेवला होता, कोणाला कळू नये म्हणून. शेवटी शेवटी रक्त पडायचं." त्यांनी हात सोडवून घेतला. "चांदभाई तिकडं फिरतीवर गेला की त्याची गादी मोकळी करून द्यायचा. अंगाला रुतायची ना. रंगू गेला तेव्हा जाळायला मागायला आला होता. मी म्हटलं, मी जाळली. मला जाळवली नाही गं. माळ्यावर ठेवली. मधली चांगली रुई निवडून दुसऱ्या पिंजाऱ्याकडून बाळूची करून घेतली. वाटलं, काकाच्या कुशीत निजेल."

माझी धाकटी नणंद सुशीला ओसरीवर बाळूला खेळवत होती. तिचं लग्न व्हायचं होतं. तिच्याकडे बघत सासूबाई म्हणाल्या, "हिचं होईपर्यंत तोंडातून काढू नकोस. क्षयाच्या घरातली मुलगी कोणी करत नाही." मी शब्द दिला.

पाचव्या रात्री ढासा सात. मग पाच, पाच, दोन. पंधराव्या रात्री मी शून्य लिहिलं आणि लिहून झाल्यावरही वही मांडीवर घेऊन ऐकत बसले. पुढे एका डॉक्टरांनी मला समजावलं, की जुन्या कुबट रुईच्या धुळीनंही लेकरं अशी खोकतात, क्षयच असतो असं नाही. असेल. पण त्यानंतर वर्षभर बाळू साधा शिंकला तरी पदर घेऊन कंदिलापाशी जाणारी मी होते.

महिना झाल्यावर मी चांदभाईंच्या घरी गेले. एवढा हंगाम असून ते रिकामे बसले होते. आमच्या गल्लीतून त्यांना कोणी बोलावत नव्हतं आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतही आग लावणारा पिंजारी म्हणून बोललं जात होतं. खोकत खोकतच त्यांनी मला बसायला पोतं टाकलं.

"मला कळलं सगळं," मी म्हणाले. "मी सांगते लोकांना. तुम्ही मुद्दाम जाळलीत आणि बरं केलंत."

"सांगू नका. लडकी का ब्याह है. सोयरीक मोडली तर बडी बाई जगायची न्हाई. एक लेक गेलाच की तिचा."

"आणि तुमचं काय?"

"आमचं काय? कमान खांद्यावर हाय, गावं लय हायेत. आष्टीकडं जाईन." मग त्यांनी विचारलं, "लेकरू झोपतंय?"

"झोपतो."

"तोंड उघडं ठेवून का मिटून?"

"मिटून."

"मंग झालं," ते म्हणाले. "मंग बिलकुल झालं."

संक्रांतीच्या आत ते बिऱ्हाड घेऊन आष्टीला गेले.

सुशीलाचं लग्न लगेच झालं नाही. मधे रझाकारांचे दिवस आले, स्थळं लांबली, दोन वर्षं गेली. जालन्याचं चांगलं घर मिळालं, ती नांदायला गेली, आणि दुसऱ्याच आठवड्यात मी बैलगाडीनं आष्टी गाठली. चांदभाईंच्या बायकोनं दार उघडलं. "मागच्या बरसातीत गेले," ती म्हणाली. "छातीत रुई भरल्ती. दोन घरची गादी-उशी मिळायची कधी कधी. तितकंच." तिनं मला चहा केला. बाळूचं नाव तिला माहीत होतं.

मी परत आले आणि कागदावर गल्लीतल्या घरांची नावं लिहिली. अकरा घरं. सासूबाई घरात होत्या, त्यांना सांगूनच निघाले. त्यांनी अडवलं नाही. प्रत्येक घरी बसून सगळं सांगायचं, रंगूभावोजींचं, गादीचं, चांदभाईंचं, असं ठरवलं होतं. सहा घरांत बायकांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि दुसरा विषय काढला. सातवं घर गोदाक्कांचं. त्या सुपात ज्वारी निवडत होत्या. माझं बोलणं अर्ध्यावर आलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, उभ्या जन्मात चिलीम कधी ओढली होती त्यानं? रुईत बसणारा माणूस तो. त्याच दिवशी कळलं होतं सगळ्यांना."

"आणि रंगूभावोजींचं?"

"ते तर तू या घरात यायच्या आधीपासून."

"मग त्यांना कोणी कामाला का बोलावलं नाही?"

गोदाक्कांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुझी सासू दारात उभी असायची ना. उगाच वाईटपणा कोण घेणार?" आणि वर बघून म्हणाल्या, "तूही तर दोन वर्षं घेतला नाहीस."

यादीत अजून चार घरं होती. मी तिथूनच घरी आले.