दोन गाठी

सुधाकरच्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. खरं सांगतो, आधी दुःख झालं नाही, दमल्यासारखं झालं. आमच्या वयाला हल्ली असे फोन फार येतात... मुलुंडहून नाहूर, पुढचंच स्टेशन, ते किती लांब! पण त्या दिवशी चपला पायात सरकवायलाच मला अर्धा तास लागला.

सुधाकर आणि मी अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत वीसेक वर्षं एकाच टेबलावर होतो. लिथियम नायोबेटचा स्फटिक, लोखंडाचा अंश मिसळलेला, म्हणून कोऱ्या चहासारखा तांबूस, खडीसाखरेच्या खड्याएवढा. त्यात लेझरने चित्रं साठवायची. स्फटिक केसभर फिरवला की त्याच जागेत दुसरं चित्र. रस्त्यावरून ट्रक गेला तरी चित्र बिघडायचं, म्हणून सुधाकर रविवारी यायचा आणि मलाही ओढून आणायचा. लेझरचं शटर उघडलं की बोलायचं नाही, खोकायचं नाही. एकदा मला शिंक येतेय असं दिसताच त्याने माझं नाकच दाबून धरलं. "मेलास तरी चालेल, हलू नको," हे शटर बंद झाल्यावर म्हणाला. चित्र भट्टीत तापवून पक्कं करेपर्यंत कच्चं असतं. ज्या उजेडात ते बघायचं, तोच उजेड ते पुसत जातो. म्हणून कच्चा स्फटिक तो काळ्या फडक्यात बांधायचा, दोन गाठी मारून.

एका रविवारी त्याने चाचणीच्या नेहमीच्या रेघांऐवजी पाच महिन्यांच्या मुक्ताच्या हाताचा ठसा साठवला. काचेवर शाईने घेतलेला. काच एकच, ती लगेच धुऊनही टाकली. "स्फटिकात आहे ना आता!" सोमवारी तापवायचा होता, पण मुक्ताला ताप आला आणि तो घरीच राहिला. नेमके त्याच दिवशी प्रयोगशाळेत पाहुणे आले. मी फडकं सोडलं आणि लेझर लावला. हवेत तो इवलासा हिरवा हात उमटला आणि सगळे "वा!" म्हणाले. परत दाखवा, परत दाखवा... मी दुपारभर दाखवत बसलो. उजेड चित्र पुसतो, विद्यार्थ्यांना हाच नियम शिकवणारा मी! दुसऱ्या दिवशी सुधाकरला आत काहीच दिसलं नाही. "टेबल हललं असणार, वाट लागली यार," म्हणाला. मी गप्प. पुन्हा ठसा घेऊ म्हटलं, तर हसला. "तो हात आता कुठे राहिला रे? पोरगी रोज वाढतेय." ते गप्प बसणं मी सत्तावीस वर्षं ओढलं. त्याची लाज वाटते.

तेराव्यानंतर मुक्ताने सुधाकरने घरी जपलेली त्या स्फटिकाची डबी, काळ्या फडक्यासकट, माझ्यापुढे ठेवली. "तुमच्याकडेच असू दे." मला राहवलं नाही. म्हटलं, "मुक्ता, यातला तुझा हात मी पुसला गं."

"माहितीये काका. बाबांनाही माहीत होतं. फडक्याला एकच गाठ होती म्हणे."

"मग बोलला का नाही कधी?"

"मीही विचारलं ना. म्हणाले, बोललो असतो तर तो रविवारी यायचा बंद झाला असता."

मला तिच्यासमोरच रडू आलं.

डबी आता माझ्या टेबलावर आहे. स्फटिक रिकामा आहे, त्याला उजेडाचं भय नाही. तरी रविवारी फडकं सोडतो, काच पुसावी तसा तो पुसतो, आणि परत बांधताना दोन गाठी मारतो.