एकाच नावाचे दोन वाचक

सुलतानपूरजवळच्या आमच्या गावात नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे. भावकीतल्या दोन घरांनी ती पिढ्यानपिढ्या इतक्या निष्ठेने पाळली की माझे आणि माझ्या एका भाऊबंदाचे नाव एक, आमच्या वडिलांचे नाव एक आणि आडनाव तर एक आहेच. तेवढ्यावर भागले नाही. शाळेत घालताना आमच्या जन्मतारखा घरात कोणालाच ठाऊक नव्हत्या, म्हणून गुरुजींनी सगळ्या वर्गाला दिला तोच एक जून आम्हालाही बहाल केला. वर्षही अंदाजाने तेच.

गावाचे यामुळे कधी अडले नाही. त्याचे घर वेशीला लागून, म्हणून तो ‘वेशीतला’. मला काय म्हणतात, ते सांगण्याची मला घाई नाही.

अडले ते वाचनालयात संगणक आला तेव्हा. सभासदांची नावे एकेक करून त्यात भरली गेली. माझे नाव भरले जाताच संगणकाने माझ्या या भावाची आधीची नोंद गिळून टाकली. विचारले नाही, सांगितले नाही. एका सभासदाला एका वेळी एकच पुस्तक, हा नियम. आणि आम्ही दोघे मिळून आता एकच सभासद झालो होतो. मी एका निवृत्त न्यायाधीशांचे जाडजूड आत्मकथन घरी आणून सावकाश, टिपणे काढत वाचत होतो.

एका संध्याकाळी भाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसला.

“काऊन बे, तुह्यं ते पुस्तक कधी सरते?”

“तुला कशाला चौकशी?”

“तू वापस करशीन तवा मले दुसरं भेटीन. बाई म्हणते, माह्या नावावर पुस्तक हाय.”

“मग तू सध्या वाचतोस काय?”

“घरात एक फाटकी रहस्यकथा हाय. खुनी कोण ते मालूम हाय, तरी पुन्हा वाचून राह्यलो.”

तो हसला, मला हसता आले नाही. त्याची पत्नी जाऊन वर्षही झालेले नव्हते. दिवे लागले की घर खायला उठते, म्हणून तो पुस्तक नेत असे. आणि ज्या माणसाने पुस्तकाचे पान कधी दुमडले नाही, त्याला रिकाम्या पिशवीने परत पाठवले जात होते!

माझी उभी हयात न्यायालयात कारकुनी करण्यात गेली. त्या रात्री जेवणही न करता मी वाचनालयाच्या कार्यकारिणीस लिहिले: “ज्याचे म्हणणे ऐकले नाही, त्याच्याविरुद्ध निकाल देता येत नाही. आपल्या संगणकाने एका हयात सभासदाला नोटिशीशिवाय खोडले आहे. यापुढे तेच नाव पुन्हा आल्यास त्याने थांबावे, ही तीच व्यक्ती की दुसरी, असे विचारावे, व उत्तर मिळेपर्यंत कोणतीही नोंद पुसू नये.”

ग्रंथपालबाईंनी पत्र उभ्या उभ्या वाचले.

“काका, तोंडी सांगतलं असतं तरी चाललं असतं.”

“तोंडी तक्रारीला पोच मिळत नाही.”

त्यांनी हसत पोच दिली आणि संगणकाचे काम पाहणाऱ्याला लगेच फोन लावला. पुढच्या आठवड्यात आम्हा दोघांना बोलावणे आले. बाईंनी भावाचे नाव नव्याने भरायला घेतले, आणि पडद्यावर लाल पट्टी उमटली: ‘या नावाची नोंद आधीच आहे. ही तीच व्यक्ती आहे काय?’

मी ते वाक्य मोठ्याने वाचले. मग पुन्हा वाचले. इतक्या अर्जांच्या आयुष्यात माझी मागणी इतकी शब्दशः मान्य झालेली मी प्रथमच पाहत होतो.

“नाही म्हण वं बाई,” भाऊ म्हणाला. “मी दुसरा हाय.”

“पण उद्या ओळखू कशी? दोघंही एक जूनचेच?”

“सारी शाळाच एक जूनची हाय!”

बाईंनी त्यासाठी एक नवा रकाना करून घेतला होता: गावातील ओळख. भावापुढे ‘वेशीतले’ असे लिहिले गेले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि चटकन नजर खाली घातली.

“निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,” मी म्हणालो.

“तसं लिवलं तर गावात तुले कोण वळखीन बे?” भाऊ म्हणाला. “लिव वं बाई, नोटीसवाले.”

या नावास माझी हरकत आयुष्यभराची आहे. परंतु भावाने कपाटातून एक नवीकोरी रहस्यकथा काढून छातीशी धरलेली होती, आणि संगणकाने प्रश्न माझ्याच सांगण्यावरून विचारला होता. त्याला खोटे उत्तर देणे मला शोभले नसते.

“लिहा,” मी म्हणालो. “मात्र ते आदरार्थी समजावे.”

बाईंनी कळ दाबली. लाल पट्टी गेली आणि पडद्यावर आम्ही दोघे एकाखाली एक उभे राहिलो. भाऊ पुस्तक घेऊन निघाला. पण घरापर्यंत त्याला दम निघेना. वाचनालयाच्या पायरीवरच बसून त्याने पहिले पान उघडले. मी त्याच्या शेजारून उतरू लागताच त्याने मान वर न करता मला बजावले,

“नोटीसवाले, खुनी कोण ते मले सांगायचं नाही!”

ते पुस्तक मी कधी हातातही घेतलेले नव्हते. तसे लेखी देण्याची तयारी मी तिथल्या तिथे दर्शवली.