कोपऱ्यातल्या दुकानाचे टेकू

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हाही भित्रेपणाच?

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. भिवंडीत जो तो मजले चढवत होता. बाजारातल्या एका जुन्या दुकानांच्या इमारतीवर आरसीसीचे दोन मजले घ्यायचे होते. मी तिथे सुपरवायझर. डिप्लोमा करून दोनच वर्षं झालेली, कशेळीहून सायकलने यायचो. जुन्या विटांच्या भिंती जागोजागी फोडून त्यांत काँक्रीटचे कॉलम उभे करायचे, आणि ते पक्के होईपर्यंत वरच्या सागवानी तुळया लाकडी टेकूंवर तोलून धरायच्या — असं काम.

कोपऱ्यातलं दुकान हबीबचाचांचं. यंत्रमागाचे लाकडी धोटे दुरुस्त करायचे. लाकूड तासून त्यावरून अंगठा फिरवत बसायचे. बाकीच्यांनी दुकानं बंद ठेवली होती. चाचांनी मला विचारलं, बसलो तर चालेल ना? मी बसा म्हणालो.

ठाण्याचे इंजिनीअर आठवड्यातून एकदा यायचे. त्यांनी बजावलं होतं, मी सांगेपर्यंत कोपऱ्यातल्या टेकूंना हात लावायचा नाही. मी लावला, गड्यांकडून ते काढून घेतले. वरच्या स्लॅबच्या सेंटरिंगला, साचा तोलून धरायला, बल्ल्या कमी पडत होत्या, आणि साहेब येण्याआधी काम पुढे गेलेलं दाखवायचं होतं. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर — तर काय?

तिसऱ्या दिवशी चाचांनी हाक मारली. दाराच्या वर तडा गेला होता, बोट आत जाईल एवढा.

"हा काल नव्हता, साहेब."

मी वर पाहिलं. बोटांनी टकटक केलं.

"जुना प्लास्टर हाय, चाचा. काय न्हाय होत."

त्यांनी मान हलवली आणि परत जाऊन बसले. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर का नाही बसणार? मला खरंच ठाऊक नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण त्या क्षणापासून मी त्या दाराखालून गेलो नाही. लांबून वळसा घेतला. मग ठाऊक नव्हतं कसं?

दुसऱ्या दिवशी दुपारची नमाज पढून चाचा दुकानात बसले आणि तुळई भिंतीसकट खाली आली. आम्ही हातांनी विटा उपसल्या. ते सापडले तेव्हा श्वास नव्हता.

इथपर्यंतचं कदाचित मी कधीतरी कोणाला सांगूही शकलो असतो. पुढचं नाही.

संध्याकाळी इंजिनीअरांनी, मग पोलिसांनी विचारलं, टेकू कोणी काढले? मी म्हणालो — शांतपणे म्हणालो — चाचांनीच काढायला लावले. दारात अडचण होते म्हणून हट्ट धरला. मी नको म्हणत होतो, माझी पाठ वळल्यावर गड्यांकडून काढून घेतले. ते गडी तोवर दुसऱ्या साइटवर गेले होते. त्यांना कोणी विचारलं नाही. कागदावर तेच उतरलं, बाजारात तेच पसरलं.

चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावर त्यांची बायको, चाची, हत्यारं न्यायला साइटवर आली. गोणीत पटाशी, कानशी भरली. मग माझ्यासमोर उभी राहिली.

"आमच्या मानसाच्या हट्टापायी तुमाला तरास झाला. माफ करा."

तेव्हा बोलायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "असू द्या, चाची." मी तिला माफ केलं.

त्यानंतर ती आठ-नऊ वर्षं जगली. कशेळीहून तिचं घर सायकलवर तासाभराचं. मी कधीच गेलो नाही.