दिवस मावळायच्या अलीकडे-पलीकडे

भरतेश सहाच्या आत जेवायचा. आमच्या साताऱ्याच्या कॉलेजची मेस आठला उघडते, म्हणजे पोरं येईपर्यंत याचं ताट धुऊन पालथं पडलेलं असायचं. सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, हा नेम त्याने बाराव्या वर्षी घेतला होता. मेसवाल्या साळूबाई त्याच्यापुरत्या दोन भाकरी लवकर थापून द्यायच्या आणि बाकीच्यांची कणीक मळायला आत जायच्या. सत्तर जणांच्या हॉलमध्ये तो एकटा.

हे मला ठाऊक नव्हतं. असायला हवं होतं, कारण मी त्याची मेंटॉर. कॉलेजने वीस पोरं माझ्या नावावर लावली होती आणि दर महिन्याला एक फॉर्म भरायचा होता: विद्यार्थी समाधानी आहे का? मी चहा पिता पिता विसाच्या वीस ठिकाणी ‘होय’वर खूण करायचे. त्याचे वडील आदगोंडा फोनवर म्हणायचे, “आमचा भरतेश कवाच मागं सरत न्हाई, मॅडम.” मीही म्हणायचे, छान चाललंय. आमच्या दोघांच्या कौतुकात त्या पोराला ‘मला येत नाही’ म्हणायची सोयच उरली नाही.

फेब्रुवारीत तो कॉलेज सोडायचा अर्ज घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. गणितात दोनदा नापास. घरी सांगितलेलं नव्हतं.

“का सोडतोस?” मी फटकन विचारलं. माझं बोलणंच तसं, पोरं घाबरतात.

“जमणार न्हाई मला. कायच.”

मग तो हळूहळू बोलला. बाकीची पोरं एकत्र जेवतात, तिथेच त्यांची दोस्ती होते, आपण नेमामुळे बाहेर राहिलो, असं त्याला वाटायचं. म्हणून जानेवारीत एकदा त्याने नेम मोडला. साडेआठला ताट घेऊन सगळ्यांमध्ये जाऊन बसला.

“कोणी काही म्हणालं?”

“न्हाई. कुणी बघितलंच न्हाई. ज्यो त्यो मोबाइलमध्ये.” तो खाली बघत होता. “तवा कळलं, नेमाचा काय दोष नव्हता. मीच कुणाला नको हाय.”

‘असं काही नसतं रे’ हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं आणि मी ते गिळलं. मला तरी काय माहीत होतं? रमजान सुरू होऊन चार दिवस झाले होते. वाईला आमच्या घरी जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर बारा माणसं असायची. अम्मी गेली, घर पांगलं, आणि मी इथे भाड्याच्या खोलीत उभ्या उभ्या खजूर तोंडात टाकून रोजा सोडत होते. मी अर्ज पर्समध्ये ठेवला. “सही नंतर बघू,” म्हटलं.

संध्याकाळी मेसमध्ये त्याच्यासमोर जाऊन बसले. साळूबाईंनी विचारलं, “नूरीन मॅडम, तुमास्नी वाढू?” मी म्हटलं, रोजा आहे. भरतेश ओशाळला. उपाशी बाईसमोर त्याला भाकरी मोडवेना.

“जेव मुकाट्याने. तुझी वेळ निघून जाईल.”

तो जेवला. मी वहीवर एक गणित मांडलं. त्याने निम्मं सोडवलं, निम्मं चुकवलं. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी एक गणित त्याचं त्याने पूर्ण सोडवलं आणि उत्तर दोनदा तपासून पाहिलं, जणू दुसऱ्या कोणी सोडवलंय. मी शाबासकी दिली नाही. पुढचं गणित दिलं.

सातव्या दिवशी ताट धुऊन तो जायच्या ऐवजी परत येऊन बसला.

“मॅडम, तुमी रोजा कुठं सोडता?”

“खोलीवर.”

“तितं कोण असतंय?”

वर्षभरात हे मला कोणी विचारलं नव्हतं.

“कोणी नाही.”

“मग हितंच सोडा. मी बसतो.”

दिवस मावळला. मी खजूर काढला. नेमाप्रमाणे त्याला आता पाणीसुद्धा चालत नव्हतं, तरी माझं खाणं होईपर्यंत तो समोर नुसता बसून राहिला. शेवटी मीच विचारलं, “तुझ्या अर्जाचं काय करू?”

त्याने जरा विचार केला.

“ईद होऊ दे आधी. मधेच गेलो तर तुमी एकट्या पडशीला.”