बारा च्यानेलांचे साडू

पहाट करायचं कंत्राट देवाने आमच्या थोरल्या साडूंना दिलं असतं, तर पृथ्वीवर अजून कोंबडा आरवला नसता. साडूंनी आधी त्या पहाटेच्या बारा स्टेपा पाडल्या असत्या, एकेकीचा वेग ठरवला असता, सातवी मनाला पटली नाही म्हणून सगळ्याच पुसल्या असत्या, आणि सगळं जग अंधारात जांभया देत बसलेलं असताना ते म्हणाले असते, "जरा दम धरा, फेड बसंना." फेड म्हणजे दिव्याचं हळूहळू उजळणं किंवा विझणं. हा शब्द मला माझ्याच लग्नात कळला. दिव्यांचं काम साडूंकडे होतं. अंतरपाट खाली आला, हार पडले, पंगती बसायला लागल्या, तेव्हा कुठे नवरीच्या तोंडावर उजेड पोचला. माझ्या तोंडावरचा उजेड त्यांनी नवरीच्याच विनंतीवरून कमी ठेवला होता.

साडू दौंडचे, मी शिरूरचा. सासुरवाडी दोघांची एकच, मांडवगण फराटा. मी मार्केट यार्डाच्या ऑफिसात कारकून, वर हौशी नट, म्हणून तिकडे पहिला पाट माझा. साडू लग्नाकार्यात दिव्यांच्या माळा लावायचे, म्हणून त्यांना गाव "माळा लावणारं पाव्हणं" म्हणे. त्यांना ते लागायचं, पण हसून न्यायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी पुण्याच्या कुणा नाटकवाल्याचा जुना लाइट कंट्रोलर आणला. बाजाच्या पेटीएवढा डबा, वर एकेका दिव्याची एकेक अशा बारा दांड्या, ज्यांना साडू च्यानेल म्हणत, खाली बटणं. कोणता दिवा कधी, किती वेळ, कुणाच्या मागोमाग, हे त्यात एकदा भरून ठेवायचं, मग एक बटण दाबलं की बारा दिवे आपसूक नाचायला लागतात. हा डबा ते गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने आणायचे. शेजारच्या म्हातारीने एकदा मायेने विचारलं, "किती महिन्याचं हाय?" साडू म्हणाले, "बारा च्यानेलांचं," आणि गोधडी आणखी वर ओढली. त्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्यांची बायको तो पुसायचीसुद्धा फुंकर घालून.

त्यांच्याबरोबर रस्त्याने जाणं म्हणजे शिक्षाच. शिक्रापूरच्या चौकात एकदा आमच्या तीन एसट्या चुकल्या, कारण साडू एका बिघडलेल्या ट्रकच्या मागच्या दिव्याची उघडझाप बघत उभे होते. "बघा साडूसाहेब, तार तापते, मग निवते. बल्बाला मरायला जरा येळ लागतो, म्हनून तो देखना दिसतो." मी म्हटलं, मलाही मरायला असाच वेळ लागतो, शेवटची गाडी गाठू या.

पण खरा चमत्कार होता त्यांचा 'मेंढरं' नावाचा प्रोग्रॅम. साडूंचं घराणं मेंढपाळांचं; वडिलांनी शेती धरली, पण नजर तीच राहिली. बाकीच्यांचे दिवे रेशनच्या रांगेसारखे एकामागून एक सरकायचे. साडू रस्त्याच्या मोरीवर चार संध्याकाळ बसून, वही घेऊन, चुलत्याचा कळप वाड्यात शिरताना बघत राहिले: पुढचं एक मेंढरू जातं, दोन थबकतात, पाचसहा एकदम धावतात, आणि एक हटकून मागे राहतं. तसंच त्यांनी दिव्यांत भरलं. बघणाऱ्याला मेंढरांचा वास यायचा, एवढंच मी सांगतो. लेंड्या मी स्वतः पाहिल्या नाहीत.

शिरूरला आमचं नाटक लागलं. मी मरणारा पाटील. माझ्या मरणाला साडूंनी 'मेंढरं' लावलं: एकेक दिवा विझत जाणार, शेवटचा मागे रेंगाळणार आणि मग तोही जाणार. प्रयोगाला आमचे सासरे मुद्दाम येणार होते. ते मांडवगणच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष. दिवे पसंत पडले तर यात्रेचं स्टेज साडूंना मिळणार होतं. सासुरवाडीच्या अख्ख्या गावापुढे. साडूंनी त्यासाठी आठवडाभर जेवण उभ्याने केलं.

तालमीत मला एक गोष्ट खुपली. शेवटचा रेंगाळणारा दिवा माझ्यावर नव्हता, माझ्या रिकाम्या खुर्चीवर होता. मी चिडलो. "मरतोय मी, आणि उजेड खुर्चीला?"

"मानूस गेला की डोळं खुर्चीकडंच जात्यात, साडूसाहेब."

मला हे काही पटलं नाही. मध्यंतरात साडू फ्यूज बघायला गेले, आणि मी, ज्याला ऑफिसातला पंखासुद्धा शिपाई लावून देतो, डब्यापाशी गेलो. दिवा खुर्चीवरून माझ्यावर आणायला कितीशी बटणं लागणार? मी तीन दाबली. एक लाल ठिपका पेटला. जमलं, असं समजून मी मरायला निघून गेलो.

तो ठिपका वरातीच्या सोयीचा होता. आवाज झाला की सगळे दिवे उसळायचे! पडदा उघडला तो माझ्या मरणावरच; मी पहिला उसासा टाकला आणि बाराच्या बारा दिवे लखलखले. दचकून खोकलो, पुन्हा लखलखाट. लोक हसले, त्या हसण्याला दिवे नाचले. मग कुणीतरी शिट्टी मारली, आणि अर्ध्या मिनिटात अख्खं शिरूर टाळ्या वाजवून माझ्या मरणावर वरात काढत होतं. साडू बटणांवर तुटून पडले होते, पण तोवर पडदाच टाकावा लागला.

सासरे आत आले. आधी मला म्हणाले, "पाव्हणं, मरत हुता का नाचत हुता?" मग साडूंकडे वळले. "आन् ह्ये काय लावलं हुतं?"

साडूंनी लाल ठिपक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खोटी दाढी काढण्यात फार गढून गेलो होतो.

"माझ्याकडून बटन चुकलं, मामा," साडू म्हणाले.

यात्रेचं स्टेज त्या वर्षी दुसऱ्याला गेलं. नंतरही कधी साडूंना कुणी विचारलं नाही.

सात-आठ वर्षांनी, दौंडला त्यांच्या ओट्यावर चहा पिताना, ती बटणं मी दाबली होती, हे मी एकदाचं ओकलो. साडू बशीत फुंकर घालत म्हणाले, "ठिपका दिसला, तवाच कळलं."

"मग बोलला का नाही?"

"मी तर माळावालाच हुतो. म्हटलं, तुमचं नाव तरी ऱ्हाऊ द्या. दोनी जावई खुळं निघालं, तर बायकांनी म्हायेरी कुठल्या तोंडानं जायाचं?"

मामांना खरं सांगायचं मी त्याच दिवशी ठरवलं. दर सणाला ठरवत राहिलो. मग मामाच गेले. मांडवगणला अजूनही पंगतीत पहिला पाट माझ्यासाठी मांडतात, साडू बाजूला सरून हाताने "बसा" म्हणतात, आणि मी बसतो.