बराकीची भिंत अजून ओली आहे

मित्रांनो, सिमेंटच्या हातांनी लिहितेय, टायपिंगच्या चुका झाल्या तर माफ करा.

छावणीतल्या जुन्या लष्करी बराकीची आम्ही अभ्यासिका करतोय. साइटवरची आर्किटेक्ट मी, भिंतींची जबाबदारी माझी. आज दुपारी मीटिंगसाठी रामदासपेठेत गेले आणि परतले, तर चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर चढलेलं! सिमेंटमागे ओल कोंडते आणि जुनी वीट आतल्या आत भुगा होत जाते. हे सांगून सांगून माझा घसा बसला होता.

ठेकेदार हसला. "मॅडम, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? रविवारी उद्घाटन आहे. तुमचा चुना पुढच्या दिवाळीले वाळन." मग मजुरांना घेऊन तो निघून गेला. आमचे साहेब फोनवर म्हणाले, "राहू दे आता, वाद नको."

मी रडत घरी फोन लावला. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. बाबा म्हणाले, "मले त्यातलं काही समजत नाही वं. पण तुले समजते नं? मंग मले काहून विचारून राहिली?"

फोन ठेवला आणि थापीने प्लास्टर खरवडायला लागले. आत्तापर्यंत जेमतेम खिडकीएवढा भाग मोकळा झालाय. रात्रीपर्यंत सिमेंट घट्ट होईल, मग ते काढताना विटांची सालपटं निघतील. माझ्या नोकरीचं काय, ते उद्या कळेलच.

सदर, धरमपेठ, जवळपास कोणी आहे का? थापी नसेल तर घरातलं उलथणं घेऊन या. याल का?