पालथा पत्ता

माळ्यावरचा डबा उघडला, तसा मशीनच्या तेलाचा वास आला. आत नट-बोल्टचे वॉशर होते. काळेवाडीतल्या आमच्या एका खोलीत, कारखान्याच्या गुरुवारच्या सुट्टीला दुपारी नवरा मला स्टड पोकर शिकवायचा, तेव्हा पैशांऐवजी आम्ही हे वॉशर लावायचो. एक पत्ता पालथा, बाकीचे चार एकेक करत उघडे. प्रत्येक उघड्या पत्त्यानंतर वॉशर वाढवायचे, नाहीतर डाव सोडून द्यायचा. "समोरच्याचे पत्ते कमी बघ, तोंड जास्त बघ," तो सांगायचा, आणि स्वतः मात्र पालथा एक्का आला की गालात हसायचा. त्यामुळे जिंकायचे मीच. एका गुरुवारी मात्र त्याच्या तोंडावरून काहीच कळेना. खिडकीखाली भंगारवाला ओरडत होता, चहावर साय धरली होती, आणि तो लागोपाठ चार डाव जिंकला तरी हसला नाही. मी पत्ते खाली ठेवून विचारलं, "काय झालंय? खरं सांग." तो म्हणाला, "चेन्नईच्या प्लांटला बदली झालीय गं. सोमवारी निघायचंय." माझी सकाळच्या शाळेतली नोकरी नुकतीच कायम झाली होती, सोबत चल असं तो म्हणाला नाही, आणि येते असं मीही म्हणाले नाही. एवढंच म्हणाले, "वाट अजून एक डाव." दिवेलागणीपर्यंत आम्ही खेळत राहिलो. त्याला आता पाच वर्षं झाली. दिवाळीला तो आठ दिवस येतो, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, आणि आम्हा दोघांचं एकमेकांसमोर निवांत बसायचं राहूनच जातं.